जुन्या फोर बाय फोरचा गिअरबॉक्स: आवाजापासून ब्रीदरपर्यंत

आधी आवाज न्यूट्रलमध्ये यायला लागला. इंजिन गरम, गाडी उभी, पाय क्लचवरून काढलेला, आणि खालून एक बारीक घरघर. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. पुढे तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना गिअर घासायला लागला. मग उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर आपसूक सुटायचा आणि दांडा न्यूट्रलला येऊन थांबायचा. उतारावर अशी गाडी सैल सुटणं ही चेष्टा नाही, त्यामुळे त्या दिवसापासून चाचणीपुरती सोडून गाडी बाहेर काढणं बंद केलं.

गाडी जुनी, शिडीसारख्या फ्रेमवर बसलेली, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. माझ्याकडे आली तेव्हाच तिने बरंच रान तुडवलेलं होतं. तीन तक्रारी एकदम सांगितल्या की ऐकणारा बहुधा म्हणतो, "गिअरबॉक्स गेला, दुसरा टाक." मला ते पटेना. दुसरा म्हणजे तितकाच जुना, कुठल्या तरी गाडीतून काढलेला, आत काय आहे ते न कळणारा. शिवाय बिघाडाचं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर ते दुसऱ्यालाही खाणारच. म्हणून ठरवलं की एकही बोल्ट सैल करण्याआधी गाडी चालू असताना जेवढं कळून घेता येईल तेवढं कळून घ्यायचं. उघडलेला गिअरबॉक्स झिजलेले भाग दाखवतो, पण कोणता भाग कधी आवाज करत होता हे तो सांगू शकत नाही. ते फक्त फिरतानाच कळतं.

न्यूट्रलमध्ये पाय क्लचवर नसतो तेव्हा आत नेमकं काय फिरत असतं ते आधी लक्षात घ्यावं लागतं. इंजिन इनपुट शाफ्टला फिरवतं, इनपुट शाफ्ट खालच्या लेशाफ्टला, म्हणजे समांतर बसलेल्या दुय्यम शाफ्टला, आणि लेशाफ्ट मेनशाफ्टवरच्या सगळ्या गिअरना. हे गिअर मेनशाफ्टवर मोकळे फिरत राहतात, मेनशाफ्ट मात्र जागच्या जागी उभा. क्लच दाबला की हे सगळं थांबतं. त्या वेळी काम करतात ती फक्त दोन बेअरिंग: पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारं रिलीज बेअरिंग, आणि फ्लायव्हीलच्या मधोमध बसलेलं पायलट बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर संशय या दोघांवर गेला असता. माझा आवाज बरोबर उलटा वागत होता, म्हणजे इनपुटचं बेअरिंग किंवा लेशाफ्टची बेअरिंग. पण दोघांपैकी कोण?

इथे एका जुन्या जाणत्या मेकॅनिकना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चौथ्यात काय करतो रे?"

"चौथ्यात तसा कमी वाटतो, काका."

"वाटतो नको. नीट चालवून बघ. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, प्रत्येकात ओढून बघ आणि मग मला सांग."

या प्रश्नामागचं गणित सुंदर आहे. अशा गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो, एकास एक. ताकद इनपुट शाफ्टमधून थेट मेनशाफ्टमध्ये जाते. लेशाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. बाकी प्रत्येक गिअरमध्ये ताकद खाली लेशाफ्टवर उतरते आणि पुन्हा वर येते, आणि त्याच्या दोन्ही टोकांची बेअरिंग तो भार सोसतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात, एकेक गिअर टाकून चढ चढल्यासारखं ओढून पाहिलं. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात घरघर स्पष्ट. चौथ्यात जवळजवळ नाहीशी. पाचव्यात परत आली. इनपुटचं बेअरिंग दोषी असतं तर चौथ्यात आवाज असा विरला नसता. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग लेशाफ्टच. पुढचं बेअरिंग आधी बघ."

पण आवाज गिअरबॉक्सचाच आहे, ट्रान्सफर केसचा किंवा चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा (क्रॉसचा) नाही, याची खात्री अजून व्हायची होती. फोर बाय फोरमध्ये त्यासाठी एक सोय आयतीच असते. चारही चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावायची, हँडब्रेक ओढायचा, ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला टाकायचा आणि मग इंजिन चालू करून गिअर बदलत जायचं. गिअरबॉक्स पूर्ण फिरतो, गाडी जागची हलत नाही. उटी न विसरणं महत्त्वाचं, कारण ट्रान्सफर केस न्यूट्रलला असताना गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा मोकळीच असते. या चाचणीत प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअल पूर्ण थांबलेले असूनही घरघर जशीच्या तशी आली. तेवढ्याने मागचं सगळं सामान यादीतून बाद झालं.

दुसऱ्या गिअरचं घासणं दोन कारणांनी होऊ शकतं. एक तर क्लच पूर्ण सुटत नसेल, किंवा गिअर टाकताना वेग जुळवणारी सिंक्रो रिंग झिजली असेल. ही दोन कारणं वेगळी काढायला रिव्हर्स गिअर उपयोगी पडतो, कारण माझ्या गिअरबॉक्ससारख्या पुष्कळ जुन्या गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच तळापर्यंत दाबायचा, आत फिरणारं सगळं थांबेपर्यंत काही सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. तरीही खर्र झालं तर क्लच ओढतोय. माझा रिव्हर्स गुपचूप पडला. मग दुसऱ्यात येताना डबल क्लच करून पाहिला: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनला थोडा रेस, पुन्हा क्लच दाबून दुसरा. अजिबात घासला नाही. सिंक्रो रिंगचं जे काम, म्हणजे गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवणं, ते मी पायाने करून दिलं की गिअर बसत होता. रिंगच संपली होती.

सिंक्रोमेश आपल्याला इतका गृहीत धरायची सवय झाली आहे की तो कधी नव्हता हे विसरायला होतं. १९२८ साली कॅडिलॅकने तो मोटारींत आणला, तोपर्यंत डबल क्लच हीच गाडी चालवण्याची रीत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपच्या तीन गिअरच्या बॉक्समध्येही पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. जुनी गाडी बाळगणाऱ्याने ही कला पायात बसवून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. एक तर रिंगचं आयुष्य वाढतं, आणि निदान करायला तिच्यासारखं साधन नाही.

तिसरा सुटण्याची बाहेरची कारणंही तपासली. इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे माउंट फाटले असतील तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर अख्खा संच हलतो आणि दांड्याच्या रबरी बुटात अडकून गिअर ओढला जातो. बूट काढून ठेवला, तरी गिअर सुटला. माउंट शाबूत, बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सला इंजिनशी जोडणाऱ्या घंटेसारख्या घराचे) बोल्ट घट्ट. म्हणजे हाही दोष आतलाच.

आता तेल. कुठल्याही गिअरबॉक्सचं तेल काढण्याआधी वरचा, भरायचा प्लग उघडतो का ते पाहावं. खालचा उघडून तेल सांडल्यावर वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी रात्रभर उभी होती. वरचा प्लग सुटला, मग खालचा सैल केला, आणि तेलाच्या आधी आली पाण्याची धार. स्वच्छ पाणी, मग मातकट दुधाळ तेल. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे रात्रभरात तळाशी बसलेलं. इतका वेळ मी झिजलेल्या भागांचा विचार करत होतो. त्या धारेनंतर प्रश्न बदलला: हे आत आलं कुठून?

प्लगवरच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला असतो, तो थोडा असणं साहजिक आहे. माझ्याकडे त्या लगद्यात खवले होते. एक खवला बोटावर घेऊन विजेरीखाली फिरवला: एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, दुसरी खडबडीत, तुटलेली. दाताचा तुकडा असा नसतो. ही बेअरिंगच्या रेसची, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्याची, साल होती. परातीत उरलेल्या तेलात सोनेरी चमकीही दिसली, चुंबकाकडे न जाणारी. ते पितळ, सिंक्रो रिंगचं. गाडी अजून चारही चाकांवर उभी होती आणि माझी यादी कागदावर तयार होती: लेशाफ्टचं पुढचं बेअरिंग, दुसऱ्याची सिंक्रो रिंग, तिसऱ्याचे डॉग दात (गिअरला शाफ्टशी अडकवणारे) किंवा फोर्क (दांड्याच्या हालचालीने गिअर टाकणारा काटा), आणि पाणी.

गिअरबॉक्स खाली उतरवणं हे अंगमेहनतीचं काम, त्यात फार सांगण्यासारखं नाही. बॅटरीची तार काढली, दोन्ही दांडे आतून काढले, प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर पंचने खुणा केल्या म्हणजे परत तशाच बसतील. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधला, तो सुटा असताना पेडल कुणी दाबू नये म्हणून पेडलला चिठ्ठी लावली. ट्रान्सफर केस आधी वेगळी काढली, तेवढंच वजन कमी. इंजिनच्या तेलपात्राखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट इंजिनच्या बाजूने दिसतही नाहीत. इंजिन मागून किंचित खाली झुकवून लांबलचक एक्स्टेन्शन गिअरबॉक्सवरून पुढे नेलं की ते सहज सापडतात. एकाच गोष्टीवर मी हट्टी होतो. गिअरबॉक्स मागे ओढताना त्याचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो. गिअरबॉक्सचा जॅक, त्याला पट्टा, आणि सोबतीला एक मित्र. दोन माणसांशिवाय हे काम करू नये.

बाकावर घेतल्यावर आधी सगळी बाहेरची माती धुऊन काढली. मग उघडायला सुरुवात. माझ्या गिअरबॉक्सचं घर अ‍ॅल्युमिनिअमचं, मध्ये एक जाड प्लेट, आणि सगळे शाफ्ट त्या प्लेटला धरून बसलेले. पुढचं झाकण आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) काढली की घर पुढून सरकून निघतं आणि संपूर्ण गिअरमाला हातात येते. फोर्कच्या रॉडमधल्या डिटेंटच्या, म्हणजे रॉड जागी धरून ठेवणाऱ्या, गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात, म्हणून त्या काढताना भोकावर फडकं धरलं. रॉडच्या मध्ये इंटरलॉकच्या छोट्या पिना असतात, दोन गिअर एका वेळी पडू नयेत म्हणून. त्या कुठून निघाल्या ते तिथल्या तिथे लिहून ठेवलं. शाफ्टच्या टोकाचा नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून दोन स्लीव्ह (फोर्कने सरकणारी, गिअर शाफ्टला जोडणारी कडी) हाताने सरकवून दोन गिअर एकदम टाकले. इंटरलॉक निघालेला असल्यामुळे ते शक्य होतं, आणि सगळं एकमेकांत अडकून दगडासारखं घट्ट होतं.

निघालेला प्रत्येक भाग एका लांब कापडावर, निघाला त्या क्रमाने आणि त्याच तोंडाने मांडत गेलो. फोटो काढलेच, पण फोटोत वॉशरची जाडी आणि बाजू कळत नाही. काही थ्रस्ट वॉशर एका बारीक पोलादी गोळीने शाफ्टला अडकवलेले असतात. ती गोळी ग्रीसमध्ये लपते, म्हणून प्रत्येक वॉशर ट्रेवर धरूनच काढला. हब, म्हणजे शाफ्टवर पक्का बसलेला मधला भाग, आणि स्लीव्ह ही जोडी असते, ती एकमेकांत घासून बसलेली. सुटी करण्याआधी दोघांवर रंगाची खूण केली.

आणि मग लेशाफ्टचं पुढचं बेअरिंग. बाहेरची रेस घरातून निघाली, ती कापडाने पुसून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. मला वाटलं होतं सगळीकडे सारखी झीज असेल. तसं नव्हतं. रेसच्या खालच्या भागात गंजाच्या काळपट आडव्या रेघा होत्या, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर. पिंजऱ्यातले रोलर त्यावर ठेवून पाहिले तर अंतर तंतोतंत जुळलं. म्हणजे गंज गाडी फिरताना नव्हे, उभी असताना चढला होता. रोलर आणि रेस जिथे एका रेषेत टेकतात तिथे पाण्याचा पातळ थर अडकून राहिला, आणि गाडी दीर्घकाळ न हलता उभी राहिली. पुढे गाडी चालायला लागल्यावर त्या रेघांच्या कडांपासून साल निघायला लागली. माझ्या चुंबकावरचे खवले तेच. लेशाफ्ट गिअरबॉक्समध्ये सगळ्यात खाली असतो, पाणीही खालीच बसतं, म्हणून बळी गेला तो त्याचाच. वरच्या मेनशाफ्टची बेअरिंग तुलनेने साफ होती.

दुसऱ्याची सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या भागावर, दाबून फिरवून पाहिली. चांगली रिंग चिकटून धरते, फिरू देत नाही. ही निसटत होती. रिंग आणि गिअर यांच्यातली फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजली. माझ्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलप्रमाणे किमान ०.८ मिमी हवी, इथे तिन्ही ठिकाणी त्याहून कमी. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, त्यांच्या धारदार कडा तेलाचा थर कापतात आणि मगच पितळ पोलादाला पकडतं. त्या कडाच सपाट होऊन चकाकत होत्या. गिअरवरचा कोन मात्र सुदैवाने गुळगुळीत, ओरखड्यांशिवाय होता, त्यामुळे दुसरा गिअर वाचला.

तिसरा वाचला नाही. डॉग दात हे नुसते सरळ दात नसतात. मुळाशी किंचित अरुंद आणि टोकाशी किंचित रुंद असा त्यांना उलटा उतार दिलेला असतो, आणि स्लीव्हच्या आतल्या दातांनाही त्याला जुळणारा. भार आला की हा उतार स्लीव्हला गिअरकडे आणखी आत ओढतो. माझ्या तिसऱ्याच्या एका बाजूचा उतार पार पुसला गेला होता, दात टोकाला गोल. बाजू बरोबर तीच, जिच्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर भार येतो. उतारावर गिअर का सुटायचा, ते बोटाने चाचपून कळत होतं.

दात का झिजले, याचं उत्तर फोर्कमध्ये होतं. फोर्कचे पाय आणि स्लीव्हची खाच यांच्यात जास्तीत जास्त १ मिमी मोकळीक चालते. इथे फोर्क उघड उघड खुळखुळत होता. फोर्क झिजला की दांडा पूर्ण सरकला तरी स्लीव्ह पूर्ण सरकत नाही, आणि सगळा भार दातांच्या टोकांवर येतो. फोर्क झिजवणारी सगळ्यात मोठी सवय म्हणजे चालवताना हात दांड्यावर टेकवून ठेवणं. त्या हाताचं वजन फोर्कमधून थेट फिरत्या स्लीव्हवर घासत राहतं. गिअर बदलून झाला की हात स्टिअरिंगवर जावा.

झिजलेले डॉग दात घासून पुन्हा उतार काढून देतो असं सांगणारे भेटतात. मी त्या वाटेला गेलो नाही. या दातांचा वरचा थर कडक केलेला असतो, तो घासून टाकला की खालचं मऊ पोलाद भर भर झिजतं. तिसरा गिअर नवा, तिसऱ्या-चौथ्याचा हब आणि स्लीव्ह एकत्र संच म्हणून नवा, फोर्क नवा, सगळ्या सिंक्रो रिंगा नव्या. बेअरिंग तर सगळीच बदलली. चांगली दिसणारीही याच पाण्यात भिजलेली होती.

बेअरिंग घेताना गाडीच्या सुट्या भागाचा क्रमांकच हवा असं नाही, रेसवर कोरलेला क्रमांक पुरतो, कारण मापं जगभर ठरलेली आहेत. उदाहरणार्थ ६३०६ म्हणजे आतलं भोक ३० मिमी, बाहेरचा व्यास ७२, रुंदी १९. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की सहसा भोकाचं माप मिळतं. पुढची अक्षरंही नीट वाचावीत. एनआर म्हणजे बाहेरच्या रेसला सर्क्लिपची खाच आणि क्लिप, सी-३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. क्रमांक तोच पण अक्षरं वेगळी असलेलं बेअरिंग बसेल, पण टिकेलच असं नाही.

जोडणीत मी घाई टाळली आणि हातोडाही. बेअरिंग शाफ्टवर चढवायचं तर जोर आतल्या रेसवरच द्यायचा. बाहेरच्या रेसवर दिला तर तो रोलरमधून जातो आणि नवं बेअरिंग चढण्याआधीच खराब होतं. त्याहून चांगली रीत उष्णतेची. बेअरिंग ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं, कारण १२५ च्या वर नेलं तर पोलादाची ठेवण बिघडू लागते, आणि जाड हातमोजे घालून शाफ्टवर ठेवलं. स्वतःच्या वजनाने सरकून खांद्याला टेकलं. घराचंही तसंच. अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे घर गरम केलं की बाहेरची रेस अलगद आत जाते.

सर्क्लिप वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात, त्या उगीच नाहीत. खाचेत बसेल ती सगळ्यात जाड क्लिप निवडायची म्हणजे शाफ्टला पुढे-मागे खेळ राहत नाही. प्रत्येक गिअर बसवल्यावर त्याचा खेळ डायल गेजने मोजला, मग पुढचा गिअर. या कामात वेळ गेला तो इथेच, आणि तो इथेच जायला हवा होता. प्रत्येक भाग बसण्याआधी गिअर तेलात बुडवून काढला, कारण नवा गिअरबॉक्स पहिल्यांदा फिरतो तेव्हा तेल अजून सगळीकडे पोचलेलं नसतं. घराच्या जोडाला सीलंट अगदी पातळ, एका रेषेत. जास्त लावला तर आत पिळून निघालेला तुकडा तेलाच्या वाटेत जाऊन अडकतो.

बंद करण्याआधी बाकावर एका हाताने इनपुट फिरवत दुसऱ्या हाताने सगळे गिअर टाकून पाहिले. प्रत्येक गिअरला आउटपुटचे फेरे मोजले. चौथ्यात एकास एक, पाचव्यात आउटपुट इनपुटच्या पुढे. दोन फोर्क एकदम सरकवायचा प्रयत्न केला, इंटरलॉकने अडवलं. रात्री उशिरा मित्राने इनपुट फिरवला आणि मी कान लावून ऐकलं. तेलाच्या चळचळीशिवाय काही नव्हतं.

गिअरबॉक्स बाहेर आहे तोवर पायलट बेअरिंग न बदलणं मला पटत नाही. ते काढायला पुलर नसला तरी चालतं. भोकात ग्रीस ठासून भरायचं, भोकात नेमकी बसणारी एक लोखंडी कांब घालायची आणि तिच्यावर हातोडीचे ठोके द्यायचे. ग्रीसला जायला जागा नसते, ते बेअरिंगच्या मागे दाब देतं आणि बेअरिंग बाहेर सरकत येतं.

बसवताना क्लच प्लेट मधोमध आणायच्या दांड्याने नीट मध्ये घेतली, बेलहाउसिंगचे डॉवेल (जागा नेमकी धरणाऱ्या पिना) आणि त्यांची भोकं घासून साफ केली. बेलहाउसिंग तिरपं बसलं तर इनपुट शाफ्ट कायम वाकड्या रेषेत चालतो आणि नवा तिसराही पुन्हा सुटायला लागतो. गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकून मागून आउटपुट हळूहळू फिरवला की इनपुटचे खाचदात क्लच प्लेटमध्ये जुळतात. शेवटचं एक बोट अंतर राहिलं, तिथे बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो. ते करायचं नाही, बेलहाउसिंगचे बोल्ट बसायचे कान तुटतात. किंचित मागे घेतला, कोन सरळ केला, आणि तो हाताने पूर्ण टेकला. मगच बोल्ट.

राहिलं पाणी. या सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, कारण हा शोध लागला नसता तर नवी बेअरिंगही त्याच वाटेने गेली असती. गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक छोटा ब्रीदर असतो, आतली हवा गरम होऊन फुगली की ती बाहेर सोडायला. माझा ब्रीदर वाळलेल्या चिखलाने पार बुजलेला होता, तारेनेही मोकळा होईना. आता असा विचार करा: तासन् तास ओढून गिअरबॉक्स ९० अंशांवर तापलेला आहे आणि गाडी थंड ओढ्यात उतरते. आतली हवा ३० अंशांवर आली तर ती सुमारे सहाव्या हिश्श्याने आकसते. ब्रीदर बंद असल्यावर ही पोकळी भरायला हवा कुठून येणार? ती ऑइल सीलच्या ओठांतून ओढली जाते, आणि त्या वेळी सीलच्या बाहेर असतं पाणी. सील आतलं तेल आत ठेवण्यासाठी बनवलेलं असतं, बाहेरच्या पाण्याला अडवण्यासाठी नाही. ब्रीदर उघडा असता तरी ओढ्यात तो पाण्याखालीच गेला असता आणि त्याने थेट पाणीच ओढलं असतं. म्हणून नुसता साफ करून भागत नाही.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल, या चारही ठिकाणच्या ब्रीदरना तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती वर नेली. बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्याला, जितकी उंच जाईल तितकी. नळी कुठे खाली झोल खाणार नाही याची काळजी घेतली, कारण झोलात तेल साचलं की नळी पुन्हा बंदच. वरच्या टोकाला धूळ अडवायला छोटी जाळी. सामान किरकोळ, काम अर्ध्या दिवसाचं, आणि पाण्यातून जाणाऱ्या गाडीला याच्याइतकी उपयोगी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही. ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलचं तेलही काढून पाहिलं. मागच्या डिफरन्शिअलच्या तेलात दुधाळ झाक होतीच, तिथलंही तेल आणि सील बदलले.

गिअरबॉक्समध्ये तेल भरलं ते मॅन्युअलने सांगितलेलं, ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. दुकानात जीएल-५ "याहून भारी" म्हणून हातात दिलं जातं. ते डिफरन्शिअलच्या हायपॉइड दातांसाठी उत्तमच आहे, त्यात गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह साधारण दुप्पट असतात. पण पितळी सिंक्रो रिंगांना सक्रिय गंधक मानवत नाही, आणि ते तेल इतकं निसरडं असतं की रिंगला कोन पकडायला वेळ लागतो. वरच्या भोकातून तेल काठाला येईपर्यंत भरलं, गाडी सपाट जमिनीवर ठेवून.

पहिली चाचणी पुन्हा तीच: उटी, ट्रान्सफर केस न्यूट्रल, एकेक गिअर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला तरी घरघर नाही. मग रस्त्यावर. दुसरा गिअर थंडीत थोडा जड पडत होता, नव्या रिंगा बसेपर्यंत तसं होतं. तिसऱ्यात लांब उतारावर पाय पूर्ण काढून गाडी इंजिनवर सोडली, दांडा जागचा हलला नाही. काकांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "ब्रीदर वर नेलास का?" नेला म्हटल्यावर म्हणाले, "मग पाचशे किलोमीटरला तेल काढ आणि मला चुंबक दाखव."

पाचशेला तेल काढलं. चुंबकावर बारीक राखाडी लगदा, नव्या दातांचा, खवला एकही नाही. तेलाचा रंग किंचित गडद, पण पारदर्शक. दरम्यान गाडी दोनदा गुडघाभर पाण्यातून गेली होती, तरी प्लग सोडल्यावर पहिल्या थेंबापासून तेलच आलं. आता पुढचं काम ट्रान्सफर केसचं: तिच्या पुढच्या आउटपुटच्या सीलपाशी ओल दिसते आहे, आणि दांडा लो रेंजमध्ये घालताना थोडा अडतो.